सुनंदाचे ऑपरेशन आणि सात हिस्सेदार

माझ्या पत्नीच्या पोटात आमच्या घराण्यातील सात पुरुषांचा हिस्सा आहे, ही गोष्ट मला तिच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी समजली. तोपर्यंत ते पोट तिचे आहे, असा माझा समज होता.

यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आमचे मूळ गाव पनवेलहून तळोज्याकडे जाणाऱ्या वाटेवर. जमिनी सरकारने घेतल्या, बदल्यात भूखंड मिळायचा होता, आणि तेव्हापासून आमच्या घराण्याचा मुख्य व्यवसाय सह्या करणे हा झाला. सातबाऱ्यावर सात नावे. एकाची सही राहिली की कागद परत. म्हणून माझ्या थोरल्या भावाने, दामूदादाने, नियम घालून दिला होता, "कनच्या बी कागदावर एकट्यानं सही करायची नाय. आधी फोन." हा नियम माझ्या हाडात इतका मुरला होता की शाळेच्या हजेरीपटावर सही करतानाही दादाचा चेहरा डोळ्यांसमोर येई. (मी नागरिकशास्त्र शिकवत असे. मूलभूत हक्कांवरचा माझा तास विशेष रंगतो, असे मुख्याध्यापक म्हणत.)

सुनंदाचा निर्णय पक्का होता. आम्हाला दोन मुली. धाकटीच्या वेळी तिचा रक्तदाब असा चढला की डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून 'दोघांपैकी' या शब्दाने वाक्य सुरू केले होते. तिसऱ्या खेपेला ती वाचेल, याची हमी कोणी देत नव्हते. "मला या दोघींना मोठं करायचंय, आणि त्यासाठी मी जिवंत लागते," असे तिने मेथी निवडता निवडता सांगितले आणि विषय संपवला.

डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडेच पाहिले होते. "सर, पुरुषांचं ऑपरेशन जास्त सोपं असतं. त्याच दिवशी घरी जाता येतं. तुमचं करू या का?" मी क्षणाचाही विलंब न लावता "नको" म्हणालो, आणि वर शाळेत परीक्षा असल्याचे कारण दिले. (तो मे महिना होता.)

तर ऑपरेशनची सकाळ. रात्रीपासून उपाशी असलेली सुनंदा हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यात काउंटरसमोर उभी. तिने कागदावर सही केली. काउंटरवरच्या गृहस्थांनी तो कागद माझ्याकडे सरकवला.

"मिस्टरांची सही."

"मी केलीय ना," सुनंदा म्हणाली.

"तुमची झाली हो मॅडम. पण परवानगीची?"

"आणि मिस्टर नसते तर?"

"सासरे, दीर, भाऊ. कोणीही जेन्ट्स चालतो."

"खाली आमचा रिक्षावाला उभा आहे. तो चालेल?"

"नात्यातला असेल तर बोलवा," गृहस्थ गंभीरपणे म्हणाले.

माझी पत्नी एका पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळत होती. तिच्या सहीवाचून तालुक्यातल्या कित्येकांच्या घरांचे स्लॅब पडले नसते. तीच सही तिच्या स्वतःच्या पोटाला पुरत नव्हती. याचा मला मनस्वी संताप आला. त्या संतापाच्या भरात मी पेन उचलले, कागदावर टेकवले, आणि माझ्या तोंडून वर्षानुवर्षांच्या सवयीने शब्द बाहेर पडले,

"घरी विचारून सांगतो."

सुनंदाने माझ्याकडे पाहिले. "डॉक्टरबाईंनी तुमचं विचारलं होतं, तेव्हा नाही लावलात दादांना फोन," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मी फोन लावला. मला वाटले होते, दादा "बरं" म्हणेल. दादा म्हणाला, "थांब. येतो." थोड्याच वेळात हॉस्पिटलच्या दारात टाटा सुमो उभी राहिली आणि तिच्यातून आमचे हिस्सेदार हळदीला आल्यासारखे उतरले. (त्या सुमोच्या कर्जावर मंजुरीची सही सुनंदाची होती.) अंतूकाकांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती.

"काका, हे काय?"

"सातबाऱ्याचा नवा उतारा. झेरॉक्स पन हाय. लागला तर असावा."

एवढे पुरुष एकदम आलेले पाहून सिस्टरने आम्हाला जिना दाखवला. मग बैठक खाली चहाच्या टपरीवर भरली. एक चुलतभाऊ मोरा बंदराच्या धक्क्यावर कामाला होता. तो फोनवरून, लाँचच्या भोंग्याच्या अधूनमधून, आपले मत देत होता.

"वसंता, आमाला न इचारता इतक्यावर गेलास?" दादा म्हणाला.

"दादा, विचारण्यासारखं काय आहे त्यात?"

"मंग फोन कशाला केलास?"

मी टपरीचे बाकडे पुसून दादापुढे सरकवले.

"दोन पोरीच हायेत तुला," अंतूकाका म्हणाले. "उद्या भूखंड निघाला, नाव कुनाचा लावशील?"

"मुलींचं. कायद्याने त्यांचा हक्कच आहे," असे मी बाणेदारपणे म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "चहा घेणार ना?"

चहा आला. फोनवरच्या चुलतभावाने एका ज्योतिषाचे नाव सुचवले. एका पुतण्याने हे ऑपरेशन म्हणजे बिनशेतीचा दाखला असल्यासारखे, 'पुढे उलटवता येतं का' अशी चौकशी केली. वर, हॉस्पिटलात, जिच्याबद्दल हे चालले होते ती बाई रात्रीपासून उपाशी होती. तिला कोणी काही विचारावे, असे एकालाही सुचले नाही. अखेर दादाने निवाडा दिला.

"वरीसभर थांबायचा. येक चान्स घेऊन बघायचा."

चान्स! हा शब्द मी तोवर पत्त्यांच्या डावातच ऐकला होता. खेळणारे आम्ही, पणाला तिचा जीव, आणि हरलो तर आम्ही सगळे तेराव्याला पुन्हा याच सुमोतून येणार होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही." जन्मभराच्या सवयीमुळे ते इतक्या हळू आले की फक्त चहावाल्याने ऐकले, आणि त्याने माझा दुसरा चहा रद्द केला.

तरीही मी निघालो. खिशातले पेन उघडून, एकेक पायरी गाळत जिना चढलो. मागून दादा, "अरे, आधी समद्यांचा ठरू दे," करत येतच होता. काउंटरवर डॉक्टरबाई हातमोजे काढत उभ्या होत्या.

"कुठंय कागद?" मी धापा टाकत म्हणालो. "मी सही करतो. एकटा करतो."

"कसली सही? ऑपरेशन झालंसुद्धा."

"पण माझी परवानगी?"

"लागत नाही. कायद्यात नवऱ्याची सही कुठेही नाही, फक्त त्यांची स्वतःची लागते. हा आमच्या काउंटरचा जुना हट्ट आहे, त्यांना मी आत्ताच सांगितलंय." काउंटरवरचे गृहस्थ मान खाली घालून स्टेपलर तपासत होते.

दादा जिन्यातच थबकला. "मंग आमी सगले कशाला आलो?"

"तेच मी विचारणार होते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आयुष्यातला माझा पहिला बंडखोर निर्णय असा निरुपयोगी ठरल्यावर मी पेनाला टोपण लावले आणि सुनंदाच्या खोलीकडे गेलो. दारात सिस्टरने अडवले.

"शुद्धीवर आल्यात. पण पेशंटला विचारल्याशिवाय कोणाला आत सोडत नाही."

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"म्हणून तर विचारते," असे म्हणून ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर हसू आवरल्याचे स्पष्ट दिसत होते.

"बसा जरा बाकावर," ती म्हणाली. "त्या म्हणतायत, घरी विचारून सांगते."