पणजोबांच्या पेटीभर वह्या

मैत्रिणींनो, दुपारीच नांदेडहून लातूरला परत आले. काही सुचत नाही, म्हणून इथं लिहिते.

माझे पणजोबा गणितज्ञ होते, असं घरात सगळे म्हणतात. शाळेच्या जुन्या उर्दू दफ्तरात मात्र नावापुढं 'मुदर्रिस', म्हणजे शिक्षक, एवढंच निघालं. जिल्ह्यातल्या गणितज्ञांवर पुस्तक लिहिणारे सर म्हणाले, "ताई, त्यांच्या हातचं एक पान तरी आणा. त्याशिवाय मला त्यांना पुस्तकात घेता येणार नाही."

म्हणून आज नव्वदीच्या आत्याकडं गेले होते.

"आजोबा लई गणितं करायचे," आत्या हसली. "जेवताना ताटातल्या वरणात बोटानं आकडे काढायचे. आजी वरडायची, आधी भाकर खावा!"

"आणि वह्या, आत्या?"

"पेटीभर होत्या. वाळवी लागली. विद्या हाय ती, रद्दीत कशी घालावी? विभूती लावून, बेल वाहून गंगेत सोडल्या. एक पान मागं ठेवलं न्हाई. बरं केलं की न्हाई?"

मी "हाव" म्हणाले. राग आला नाही, रडूही आलं नाही. आमच्याकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात; घरातली फाटकी पोथी मीही तिच्यातच सोडते.

सरांना अजून फोन केलेला नाही. तुम्ही असता, तर आत्याला काय उत्तर दिलं असतं?