बेल्टवरची तारीख

आमच्या सेलूत हौशी माणसांची वाण कधीच नव्हती. आधी कबुतरं उडवायचे, मग बुलेटच्या नळकांड्यातून फटाके वाजवायचे, आता रेस. रेस म्हणजे काय, तर भंगारात जायला निघालेली छोटी कार घ्यायची, आतल्या सीटा काढून फेकायच्या, लोखंडी पाइपांचा पिंजरा ठोकायचा आणि कापूस निघालेल्या रानात धुरळा उडवत गोल गोल फिरायचं. घाण्याचा बैल फिरतो तेव्हा निदान तेल तरी निघतं. इथं नुसता धुरळा, आणि वर कप.

मी ताडपत्री शिवते. दुकान वडिलांचं, मोठी मशीनही त्यांचीच. ट्रॉलीवरची ताडपत्री, ट्रॅक्टरचं हूड, सीटकव्हर, जाड सुईचं जे काही असेल ते माझ्याकडे येतं. म्हणून हे वीरही आले. पहिला आला तो आगीपासून वाचवणारा अंगरखा घेऊन. पायात लांब होतोय म्हणाला, आणि मानेवरची चिठ्ठी टोचतीय, तेवढी काढून टाका. मी पाय आखूड केले, चिठ्ठी काढून कचऱ्यात टाकली. आठ दिवसांनी हा बाबा दुकानासमोर थयथयाट करायला हजर. ती चिठ्ठी म्हणजेच म्हणे सरकारी शिक्क्यासारखी, ती नसली तर तपासणीत कपडा बाद. मी म्हणलं, "मग टोचली म्हणून रडायला कोणी सांगितलं होतं?" त्याच्या दोस्तानं तर असलाच अंगरखा धोब्याकडं देऊन खळ घालून कडक इस्त्री करून आणला होता. आगीत उतरणार, पण घडी मोडायची नाही! असले एकेक नग.

त्यांचं नियमांचं एक पुस्तक होतं, इंग्रजी, जाडजूड. ते कोणीच वाचलं नव्हतं. सगळ्यांना एवढंच ठाऊक, की हेल्मेटच्या आत स्टिकर पाहिजे आणि ड्रायव्हरला सीटला बांधून ठेवणाऱ्या बेल्टवर चिठ्ठी पाहिजे. चिठ्ठीवर साल असतं. ते साल संपलं की बेल्ट मेला.

मग आला दलाल. पुण्याकडून वापरलेलं सामान आणून विकणारा गोडबोल्या. एक जुना बेल्ट आणि सुपारीच्या पुडीत बांधलेल्या, चालू साल छापलेल्या नव्या चिठ्ठ्या त्यानं टेबलावर ठेवल्या. "ताई, जुनी उसवायची, ही लावायची. तुमच्या हाताला लय सफाई हाय."

"कशाला?"

"काई न्हाई हो. तारीख उलटली. बेल्ट काय दूध हाय का नासायला?"

मलाही तेच वाटलं, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. जुनी चिठ्ठी उसवली तेव्हा खालचा पट्टा लालभडक होता, आणि बाकीचा सगळा फिक्कट गुलाबी. उन्हानं खाल्लेला. सेलूच्या दोन उन्हाळ्यांत उघडी राहिलेली ताडपत्री हातानं टर्रकन फाटते, हे त्या पुस्तकवाल्यांपेक्षा मला चांगलं कळतं. गिऱ्हाइकाला मी रोज सांगते, सावलीत ठेवा, ऊन धाग्याला खातं. आणि तरी मी त्या लाल चौकोनावर नवी चिठ्ठी बसवली. कोपऱ्यावर तीन टाके मागं घेतले आणि एक तिरका मारला, वडिलांनी शिकवला होता तसा. असे सात बेल्ट केले. म्हणलं, मरेनात का, हौस त्यांची.

आता माझा भाऊ. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा दुसरीत होता, तेव्हापासून त्याचं धुणं, जेवण, दप्तर, ताप, सगळं माझ्याकडे. गॅरेजात कामाला लागला आणि तिथं त्या टोळक्याच्या नादी लागला. मी बोलायचे, तो हसायचा. रेसच्या आदल्या दिवशी दुपारी तो दुकानात आला, खांद्यावर लाल बेल्ट.

"ताई, खांद्याचा पट्टा जरा आखूड करून दे. बग, तारीख बग. हे साल संपेपर्यंत हाय."

मी बेल्ट उलटा केला. कोपऱ्यावर तीन टाके मागं, एक तिरका.

स्वतःचं अक्षर माणूस ओळखतो, तसा स्वतःचा टाका ओळखतो. मी म्हणलं, "हा जुना हाय. घालू नको."

"चिठ्ठीवर काय लिवलंय?"

"चिठ्ठी खोटी हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं? तू ताडपत्र्या शिव. तपासणीला मोठा सायेब यायलाय शहरातून. त्यानं पास केला तर बसणार, न्हाई तर न्हाई. मग तर झालं?"

तिथंच सांगायचं होतं, की बाबा, ही चिठ्ठी मी लावलीय. अख्ख्या बाजारात ज्यांना मी मूर्ख म्हणत फिरत होते, त्यांच्या मूर्खपणावर मीच शिलाई मारलीय, हे लहान भावाला कसं सांगायचं? मी म्हणलं, पट्टा आखूड होत नाही, सुई मोडेल. तो बेल्ट उचलून तसाच गेला. मीही मनाशी म्हणलं, एवढा मोठा साहेब येतोय, तो पकडेलच.

सकाळी दुकान उघडलंच नाही. पदराला ब्लेड बांधलं आणि रानात गेले. तिथं जत्राच. मांडव, भोंगा, नेत्यांचे बॅनर, त्यावर हात जोडून उभे असलेले चेहरे, त्यातल्या एकालाही गाडीचं चाक बदलता येत नसेल. तपासणीचं टेबल एका लिंबाखाली होतं. साहेब गॉगल लावून बसलेला, गळ्यात शिट्टी, पुढं कागदांची चळत. पोरं रांगेनं बेल्ट पुढं करत होती. साहेब बोटानं चिठ्ठी वर करायचा, साल वाचायचा, कागदावर खूण करायचा. पट्टा ओढून बघणं नाही, हात फिरवणं नाही. तेवढ्यात चहा आला, तोही एका हातात.

माझ्या भावाचा बेल्ट टेबलावर आला. चिठ्ठी वर, साल वाचलं, खूण केली.

मी रांग मोडून पुढं गेले. "साहेब, हा बेल्ट जुना आहे. ती चिठ्ठी मी लावलीय, माझ्या हातानं."

भावानं माझ्याकडं बघितलं. साहेबानं गॉगल वर केला, चिठ्ठी पुन्हा निरखून बघितली.

"छान लावलीय," तो म्हणाला.

"अहो, बेल्ट कुजलाय! उन्हानं खाल्लाय तो!"

"मॅडम, इथं लिहिलंय, चिठ्ठी आहे की नाही. आहे. साल संपलंय की नाही. नाही. कुजलाय का, असा रकानाच नाही. बाजूला व्हा, मागं रांग आहे."

अरे तुझ्या त्या रकान्याच्या! एवढी वर्षं मी यांना अडाणी समजत होते. अडाणी परवडला. मी पदराचं ब्लेड सोडलं, बेल्ट ओढला आणि चारी बाजूंनी चिठ्ठी कापून काढली. माझेच टाके, मला वेळ लागला नाही. खालचा लाल चौकोन सगळ्यांना दिसला. चिठ्ठी मी साहेबाच्या चहाच्या बशीत ठेवली.

साहेबानं बेल्ट उलटापालटा केला. "आता चिठ्ठी नाही," तो म्हणाला. "गाडी बाद."

बेल्ट तोच होता. चहाच्या एका घोटापूर्वी चांगला होता.

भाऊ मला मांडवाच्या मागं घेऊन गेला. मला वाटलं ओरडेल, हात उगारेल. त्याचा आवाज लहान झाला होता.

"किती लावल्यास?"

"सात."

"माझा कापलास. बाकीच्या सहांचं काय?"

भोंग्यावर गाड्या लायनीला लावायला सांगत होते. ब्लेड माझ्या हातातच होतं. मी निघायला हवं होतं, एकेका गाडीशी जाऊन खांद्याचा पट्टा उलटा करायला हवा होता. लोकांनी मला वेडी ठरवलं असतं, पोलिसांत दिलं असतं. मी तिथंच मातीत बसून राहिले. झेंडा पडला. प्रत्येक वळणाला मी डोळे मिटत होते आणि उघडले की गाड्या मोजत होते. भाऊ माझ्याकडं पाठ करून उभा होता.

त्या दिवशी कोणाला काही झालं नाही. लोक अजून मला ते ऐकवतात, बघा, उगंच तमाशा केला. भाऊ दोन महिने माझ्याशी बोलला नाही. जेवायचा, ताट धुवून ठेवायचा, जायचा.

पुढच्या रेसची पत्रकं लागली तेव्हा मागच्या वर्षी कप जिंकलेला पठ्ठ्या दुकानात आला. बेल्ट टेबलावर आपटला. "ताई, तुमचा हात लय लकी हाय. नव्या सालाची चिठ्ठी लावून द्या." माझा तिरका टाका मला लांबूनच दिसला. भाऊ त्याच वेळी जेवणाचा डबा घेऊन आला होता, दारातच थांबला.

मी म्हणलं, "ठेव."

ताडपत्री कापायची मोठी कात्री काढली. एकटीला पट्टा ताणून धरता येईना. भावानं डबा खाली ठेवला, पुढं आला आणि दुसरं टोक धरलं. कात्री मी पूर्ण मिटवलीसुद्धा नव्हती, पट्टा अर्ध्यातून आपोआप फाटला. तो पठ्ठ्या बोंबलत राहिला, आमच्या दोघांच्या आईबापाचा उद्धार करत गेला. भावानं तुकडा उलटा करून बघितला. मग म्हणाला, "ताई, जेवून घे. गार व्हायलंय."

तेव्हापासून चिठ्ठी बदलून मिळंल का, असं कोणी विचारलं की मी हसून म्हणते, मिळंल की, ठेवून जा, सांजच्याला ये. त्या सहांतले चार कापून झाले. दोन अजून कोणाच्या तरी खांद्यावर आहेत.