सबनीसांचे रविवार

बदलीच्या नोकरीत माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, रिकामी खोकी आणि किस्से. खोकी पुढच्या बदलीला उपयोगी पडतात. किस्से तसे बिनकामाचे, पण टाकवत नाहीत. माझ्याकडे जयपूरचे जेवढे किस्से आहेत त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात सबनीस आहेत, आणि हे मला अजिबात आवडत नाही.

आम्ही चार मराठी घरं. मी शिंदे, मूळचा वाईचा, विमा कंपनीत. बायको वर्षा, नऊ वर्षांची मुलगी सई, राहायला राजा पार्कला. दुसरं घर नागपूरच्या धोट्यांचं, नवरा-बायको दोघंही आयटीत. तिसरं आदर्श नगरच्या आपटे काकूंचं. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत इथे आले, रिटायर झाले, गेले, पण काकू इथल्याच होऊन राहिल्या. आणि चौथं सबनीसांचं, म्हणजे एकट्या सबनीसांचंच. ते बँकेत. बायको आणि मुलगा पुण्यात, कारण मुलाची बारावी.

दर रविवारी सकाळी आम्ही सगळे कुठेतरी फिरायला जायचो. एकेका घराची पाळी. ज्याची पाळी त्याने जागा निवडायची आणि काकूंच्या चार पुडांच्या पितळी डब्यातून खाणं आणायचं. खाऊन झालं की प्रत्येक घराने एकेक पूड धुवायला घरी न्यायचं आणि बुधवारपर्यंत ज्याची पाळी होती त्याला परत करायचं. जागा आवडली असेल तर पूड भरून परत, नसेल तर रिकामं.

आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आमच्याकडे ते मुद्दाम रिकामं परत करायचे. नियम काकूंचा. "मतलब, तोंडावर कुणाला वाईट बोलायला नको," असं त्या म्हणायच्या.

•

सबनीसांची पहिली पाळी रामनिवास बागेत होती. मला हसूच आलं. बाग काय, कुणीही दाखवेल! त्यात त्यांनी सतरंजी टाकली ती भर उन्हात.

"सबनीस, पलीकडे झाड आहे," मी म्हणालो.

"असू द्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी सावली इथे येते, आणि तिथली जाते."

मी घड्याळ लावून बसलो. नऊ वाजून आठ मिनिटांनी सावलीची कड सतरंजीला लागली. नऊ वाजून दहाला ती काकूंच्या मांडीवर होती. झाडाखाली बसलेलं एक कुटुंब चटई उचलून आमच्याकडे जळक्या नजरेने बघत होतं. ती नजर मी लगेच ओळखली, कारण माझीही तशीच झाली होती.

त्या बुधवारी सबनीसांचा डबा भरून गेला. काकूंच्या शंकरपाळ्या, धोट्यांकडचा चिवडा. आमच्या पुडात वर्षाने बेसनाचे लाडू भरले. मी म्हटलं, "दोन पुरेत." तिने सात भरले.

•

मग माझी पाळी आली. मी कृष्णाकाठचा माणूस. घाटावर वाढलो. "नदीकाठ कसा बघायचा ते मी दाखवतो," असं जाहीर करून मी सगळ्यांना द्रव्यवतीच्या काठी नेलं. काठाने रस्ता बांधलाय, बागा केल्यात, लोक सकाळी चालायला येतात, हे सगळं मी ऐकून होतो. फक्त आधी जाऊन बघितलं नव्हतं. बागा राहिल्या एका टोकाला आणि मी गाड्या लावल्या दुसऱ्या टोकाला. महिना एप्रिल, वेळ साडेदहाची. दोन्ही बाजूंनी काँक्रीट तापलेलं.

अर्धा तास आम्ही त्या काँक्रीटवरून चालत होतो. मी वाईच्या घाटांबद्दल सांगत होतो, पाण्याबद्दल, पुराबद्दल. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पदराने घाम टिपत विचारलं, "शिंदेजी, आपली नदी कुठल्या बाजूला आहे?"

बुधवारी धोट्यांचं पूड रिकामं आलं. काकूंचंही रिकामं, वर चिंच लावून घासलेलं. सबनीसांचं मात्र भरलेलं आलं. स्वतः केलेली चकली होती. जरा करपली होती.

दया दाखवतोय मला! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की सांगता सोय नाही. चकल्या मी खाल्ल्या नाहीत. सईने खाल्ल्या, आणि "सबनीस काकांनी केल्यात?" असं विचारून उरलेल्या शाळेत नेल्या.

•

पुढच्या पाळीला मी ठरवलं, आता नदी नको, गर्दीची जागा. बायकांना खरेदी म्हणजे हमखास भरलेला डबा. मी सगळ्यांना बडी चौपडला उतरवून जोहरी बाजारात नेलं. जयपुरात राहून मला माहीत नव्हतं की रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. शटर, शटर आणि शटर. धोट्यांची बायको पूजा मोठी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवत म्हणाली, "दादा, तुम्ही आमचे पैसे वाचवून राहिले."

पुडं आली. तीनपैकी दोन रिकामी. तिसऱ्यात पुन्हा चकली, यावेळी न करपलेली.

पण खरा किस्सा पुढे आहे. महिन्याभराने सबनीसांची पाळी आली आणि ते आम्हाला कुठे घेऊन गेले? तिथेच. त्याच बाजारात, रविवारीच!

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आता पडला हा माणूस. सगळी शटरं बंद. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "अहो सबनीस, दुकानं तर बंद आहेत."

"म्हणून तर आजच आणलं," सबनीस म्हणाले. "एरवी इथे वर बघायला सवड कुठे असते?"

सगळ्यांनी वर बघितलं. गुलाबी भिंती, पांढरी वेलबुट्टी, जाळीच्या लहान लहान खिडक्या, एका सज्जात ओळीने बसलेली कबुतरं. दीड तास सगळे मान वर करून चालत होते. काकू म्हणाल्या, "तीस वर्षं इथे येतेय, हे कधी दिसलंच नाही." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मान वर करून करून आलं असेल, असं मी वर्षाला म्हणालो. ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

त्या आठवड्यात सबनीसांच्या डब्याची झाकणं लागत नव्हती.

•

एका बाबतीत मात्र सबनीस माझा हात धरू शकत नव्हते. फिरून झालं की आम्ही राजा पार्कात लस्सी प्यायचो. मातीच्या कुल्हडात, वर मलाईचा जाड थर. मी पहिल्या दिवसापासून माझी मलाई सईला देतो. लहानपणी आमच्याकडे सायीसाठी आम्हा भावंडांची मारामारी व्हायची, त्यामुळे मला ठाऊक आहे की आपली साय दुसऱ्याला देणं म्हणजे काय. मी चमच्याने सगळा थर उचलायचो आणि तिच्या तोंडात घालायचो. सई डोळे मिटून खायची.

"बघा, किती आवडते तिला," मी सबनीसांना ऐकू जाईल असं म्हणायचो.

सबनीस नुसतं सईकडे बघायचे. जळत असतील, दुसरं काय. त्यांचा मुलगा पुण्यात होता.

•

शाळेत सईला हिंदी निबंध आला, 'मेरी यादगार सैर'. तिला दहापैकी नऊ मिळाले आणि बाईंनी वर्गात वाचून दाखवला. मी ऑफिसातून आल्या आल्या वही मागितली. सई मराठी बोलताना अडखळते, पण हिंदी लिहिते छान.

पहिलं पान सबनीस अंकल. दुसरं पान सबनीस अंकल, सावली कशी सरकते, बंद बाजार कसा बघायचा, कबुतरं रात्री कुठे झोपतात. आपटे आजींना परिच्छेद होता. धोटे अंकलच्या नव्या चपलेला दोन ओळी होत्या. मी बोट लावून वाचत गेलो. शेवटून दुसऱ्या ओळीत मी सापडलो.

'पापा भी साथ थे।'

•

त्यानंतर मी जे केलं त्याची मला लाज वाटते, पण किस्सा म्हणून चांगला आहे. सबनीसांना हे जमतं कसं, ते शोधायचं मी ठरवलं. शनिवारी घरी ऑफिसचं काम सांगितलं आणि त्यांच्या स्कूटरच्या मागे माझी स्कूटर काढली. ते थेट सिसोदिया राणीच्या बागेत गेले. दुसऱ्या दिवशी तिथेच जायचं होतं, पाळी त्यांची होती.

मी एका झाडामागे उभा राहिलो. सबनीस पायरीवर बसले होते, नाकावर चष्मा, मांडीवर वही. दर अर्ध्या तासाने उठायचे, घड्याळ बघायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि दुसऱ्या पायरीवर बसायचे. मध्येच जाऊन नळाला पाणी आहे का ते बघून आले. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून पायऱ्या किती उंच आहेत ते स्वतः चढून बघितलं. अकराच्या सुमाराला त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. फोन फिरवून त्याला कारंजी दाखवली. पलीकडून आवाज आला, "बाबा, क्लासला उशीर होतोय," आणि फोन बंद झाला. सबनीसांनी तो खिशात ठेवला. मग वही उघडली.

मी तीन तास उभा होतो. माणूस सबंध शनिवार घालवतो हे कळल्यावर खरं तर राग जायला हवा होता. तो वाढला. एवढा वेळ कुणीही दिला तर कुणालाही जमेल, असं स्वतःला समजावत मी घरी आलो. मी का देत नाही, हा प्रश्न पडला नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी बागेत सबनीसांनी सगळ्यांना बसायच्या जागा दाखवल्या. काकू खालच्या पायरीवर, सई कारंज्याजवळ. मग माझ्याकडे वळले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "शिंदे, तुम्ही त्या झाडाखाली बसा. काल तीन तास उभे होता, पाय दुखत असतील."

•

ऑगस्टमध्ये सबनीसांना पुण्याला बदली मिळाली. काकूंनी त्यांच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. सई रडली. मी खूश होतो आणि खूश दिसू नये म्हणून फार गंभीर चेहरा करून फिरत होतो.

जायच्या आदल्या संध्याकाळी सबनीस घरी आले. वर्षा आत चहा करत होती.

"रविवारी तुमची पाळी आहे ना," ते म्हणाले. "आमेरच्या रस्त्याला आतल्या बाजूला एक जुनी बावडी आहे, पायऱ्यांची विहीर. आपल्यापैकी कुणी बघितलेली नाही. पूर्वेकडच्या पायऱ्यांवर साडेनऊपर्यंत सावली असते. बाहेर एक म्हातारा लस्सी विकतो, चांगली असते. माझं नाव सांगू नका, तुम्हीच शोधली म्हणा."

मी म्हटलं, "छे, छे, असं कसं." आणि रविवारी सगळ्यांना सांगितलं की मीच शोधली.

काय सांगू, तो रविवार माझा होता! खाली हिरवं पाणी, चहूबाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, कोनाड्यांतून पोपट उडत होते. "पूर्वेकडे बसा," मी म्हणालो, "साडेनऊपर्यंत सावली आहे." धोटे म्हणाले, "सर, तुम्ही तर सबनीसांच्या वर निघाले." काकूंनी पाय पसरले आणि म्हणाल्या, "शिंदेजी, यावेळी पूड भरून येईल हं." सई माझा हात सोडत नव्हती. "बाबा, हे तुम्ही सच्ची शोधलं?" तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणालो.

वर आलो. म्हाताऱ्याने आम्हाला मोजलं आणि कुल्हड मांडले.

"वो चश्मेवाले साहब नहीं आए? पिछले शनिवार को पूरी सुबह यहीं बैठे थे। बोले थे, इतवार को छह जने आएंगे।"

धोट्यांनी माझ्याकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघू लागलो. म्हाताऱ्याने एकेक कुल्हड सगळ्यांच्या हातात दिला आणि शेवटचा, बाजूला काढून ठेवलेला, सईपुढे धरला.

"ये बिटिया की, बिना मलाई। साहब खास बोल के गए हैं। मलाई से इसको उल्टी आती है ना।"

मी माझ्या कुल्हडातली मलाई चमच्यावर घेतलेली होती. सईने ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि सवयीने डोळे मिटून तोंड उघडलं.