पंप नवा, इंजिन गेलेलं

गल्लीतली पोरं त्याला हळूकाका म्हणायची. बावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली, पण वेगाचा काटा चाळीसच्या पुढे कधी गेला नाही. "तुमच्या मागे गोगलगायसुद्धा हॉर्न वाजवेल," असं बायको म्हणायची.

शाळेच्या फेऱ्या सुटल्यावर व्हॅनला एकच काम उरलं. पलीकडच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या बाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं. याच बाईंनी त्याला चौथीत गणित शिकवलं होतं.

त्या बुधवारी अर्ध्या वाटेत सीटखालून वाफ यायला लागली. तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. गाडी तिथंच थांबवायला हवी होती, हे त्याला कळत होतं. पण मागे बाईंना धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते. हळूकाकाने जन्मात पहिल्यांदा गाडी दामटली. बाई वाचल्या. व्हॅन मात्र हॉस्पिटलच्या फाटकातच बसली, ती ओढून घरी आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा जुना दोस्त, मिस्त्री, आला. काचबिंदूने त्याची नजर जवळजवळ गेलेली, पण बोटं शाबूत होती. इंजिनात पाणी खेळवणारा पंप गेला असणार, तो बदलायचा असं ठरलं. तो स्टुलावर बसून सांगायचा, हळूकाका करायचा. सीट उचलली, रेडिएटरमधलं उरलंसुरलं पाणी पातेल्यात सोडलं, पट्टा काढला. पंपाचे बोल्ट लहानमोठे, म्हणून बायकोने पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून ज्याचा बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला. शेवटचा गंजून धरला होता. त्यावर तेल सोडून तासभर वाट पाहिली, तेव्हा कुठे हलला.

जुना पंप हातात आला तर आतली पाती गंजून निम्मी झालेली.

"कूलंट सोडून नळाचं पाणी घालत होतास ना?" मिस्त्रीने विचारलं.

"घालत होतो."

हळूकाकाने सांध्यातल्या जुन्या गॅस्केटचे तुकडे पात्याने खरवडले, नवं लावून नवा पंप बसवला, बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळले. दुपार टळली होती. मिस्त्रीने सगळीकडून बोट फिरवून पाहिलं. "माझ्या हातचं वाटतंय," तो म्हणाला.

रेडिएटर भरून किल्ली फिरवली. इंजिन धडधडत सुरू झालं. बायकोने टाळीही वाजवली. मग मागून पांढरा धूर यायला लागला आणि थांबेचना. रेडिएटरमध्ये पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येत होते. हळूकाकाने इंजिन बंद केलं, तेलाचं झाकण उघडलं. आत दुधाळ साका होता. तेलात पाणी शिरलं होतं. बुधवारच्या तापण्याने इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, तडकलं होतं, आणि या मॉडेलचं हेड आता कुठंच मिळत नव्हतं.

"मला सकाळीच कळलं होतं," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाला. "तेल बोटावर चोळून पाहिलं तेव्हाच."

"मग दिवसभर मूग गिळून का बसलास?"

"तू पाना उचललास ना, माझ्या तोंडून शब्दच फुटेना."

हळूकाका चिडला नाही. पातेल्यातलं पाणी गटारात ओतून त्याने हात धुतले. डाग निघाले नाहीत, तरी धूतच राहिला.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला व्हॅन घेऊन गेला. आठवड्यातून तीनदा रिक्षा परवडत नाही, म्हणून आता हळूकाका बाईंना बसने नेतो. बसची पायरी उंच. बाईंना दोन्ही काखांत धरून चढवावं लागतं, मागचे लोक "आटपा की" म्हणून ओरडतात, आणि घरी पोचेपर्यंत बाईंच्यात बोलायचंही त्राण राहत नाही.

काल दारात टेकत बाई म्हणाल्या, "आपण आता आठवड्यातून एकदाच जाऊ या रे."

एकदाच म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. एक खेप चुकली तरी जिवावर बेतेल, असं तिथल्या नर्सने बजावून सांगितलं होतं. हळूकाकाला म्हणायचं होतं, नाही बाई, जमवू आपण काहीतरी. पण जमवायला त्याच्याकडे होतं काय?

"बरं," तो म्हणाला, आणि त्यांच्या चपला काढायला खाली वाकला.