दगडाची धूळ कोणाला लागत नाही

मोहफुलं वेचायचे दिवस होते, तेव्हा मी एटापल्लीकडचं आमचं गाव सोडलं. नवरा पुढे, डोक्यावर पेटी, मी मागे. बाबा मोहाखालून उठलेसुद्धा नाहीत. टोपलीत फुलं टाकत म्हणाले, "जा. गिट्टी फोडून पाह्य. दगडाले पाझर नाई फुटत, पोरी." मला राग आला. जंगलात तरी आमचं कुठं भागत होतं?

भद्रावतीच्या पुढे एका क्रशरवर आम्ही दोघं लागलो. वरून दगड पडायचा, खालून गिट्टी निघायची, आणि धुळीचा लोट आमच्या अंगावर. तोंडाला पदर बांधायचा, एवढीच सोय. संध्याकाळी मुकादम प्रत्येकीला गुळाचा खडा द्यायचा. "खा वं, धूळ पोटात उतरते. सकाळी निघून जाते." आम्ही विश्वासानं खाल्ला. गावी फुफाट्यातून गुरं हाकली होती. धूळ धुतली की जाते, एवढंच ठाऊक.

बऱ्याच वर्षांनी नवरा खोकू लागला. दवाखान्यात टीबीच्या गोळ्या दिल्या. संपल्या, पुन्हा दिल्या. गोळ्या खातखातच तो गेला. मग खोकला मला लागला. काम सुटलं तशी मी गावी भावाकडे गेले. वहिनीनं माझी खाट गोठ्याजवळ टाकली. "इथी हवा लागते, बाई." ताट-गिलासही तिथंच. भावाच्या नाती माझ्याकडे धावल्या की ती त्यांना ओढून आत न्यायची. एक दिवस मी बस पकडून भद्रावतीला परत आले. कोणी थांबवलं नाही.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला. काम काय केलं, ते विचारलं. आजवर कोणी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, "आजी, हा टीबी नाही. दगडाची धूळ फुफ्फुसात बसली आहे. ती कोणाला लागत नाही. पण निघतही नाही."

निघत नाही, हे मी ऐकलंच नाही. दवाखान्याच्या पायरीवरून भावाला फोन केला. "भाऊ, मले टीबी नाई. धूळ होय. कोणाले लागत नाई."

त्याच्या मागे पोरींचा गलका. मग म्हणाला, "बरं झालं. ये ना मंग." आवाज खाली आणला. "पण तुही वहिनी म्हणते, धान निघू दे. पोरी लहान हायेत."

धान निघालं. पुढच्या वर्षीचंही निघालं. गावातलं कोणी भावाला हे वाचून दाखवेल, तर सांगा, मी रागावले आहे. आणि तुमच्यातलं कोणी क्रशरवर निघालं असेल, तर गुळावर जाऊ नका. धूळ बसावी म्हणून दगडावर पाणी मारतात का, ते आधी पाहा.

आता माझी पत्र्याची एक खोली आहे. भिंतीपलीकडे शेवंता राहते, क्रशरवरचीच, तोंडाची फटकळ. माझा खोकला थोडा वेळ ऐकू आला नाही की ती भिंतीवर लाटणं आपटते. "काऊन वं बुढे, मेली का?"

घर म्हणायचं तर आता हेच. मी मुद्दाम खोकते. मग ती पोळ्या करायला लागते.