तिसरा कौल

मामंजींची वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं, आणि थोरल्या दिरांना एकदम उंची आली. आदल्या वर्षी मामंजींनी कचेरीत जाऊन त्यांच्या नावे आंब्याच्या कलमांच्या बागेचं मुखत्यारपत्र केलं होतं. तो कागद दीर सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरत. पेज किती द्यावी, खिडकी उघडावी की नको, हेही आता मुखत्यार ठरवू लागले.

मग मामंजींच्या पायाची जखम काळी पडली. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवसांत वाडीच्या मोठ्या इस्पितळात न्या. पाय कापला तर माणूस राहील."

दीर म्हणाले, "देवाक ईचारतंय."

देवाला विचारण्यात मला काही वावगं वाटत नाही, मीही विचारते. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गुरवाने कौलासाठी देवाच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे पाकळ्या लावल्या. उजवी पडली. म्हणजे न्या.

"वारो इलो. गुरवानू, परत लावा," दीर म्हणाले.

परत उजवी.

"पाकळी ओली होती. परत."

तिसऱ्यांदा डावी पडली. दिरांनी लगेच हात जोडले. देवाला दमवून घेतलेला कौल घेऊन हा माणूस घरी आला आणि पोटभर जेवला.

मी दिरांसमोर कधी बोलले नव्हते. धाकट्या सुनेने बोलायचंच नसे. माझे यजमान बोटीवर, त्यांना पत्र पोचायला महिना. दुपारी दीर घोरत होते तेव्हा मी मामंजींचा डावा हात धरला. "मामांनू, पाय कापूक जावया? होय तर माझा बोट दाबा."

त्यांनी इतकं घट्ट दाबलं की दुखलं. इतक्या दिवसांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

संध्याकाळी डॉक्टर पट्टी बदलायला आले. मी दाराआडून म्हटलं, "मामांनी होय म्हटल्यानी. माझा बोट दाबल्यानी."

"तुका मुखत्यार कोणी केल्यान गो?" दीर ओरडले आणि कागद काढून डॉक्टरांपुढे नाचवला.

डॉक्टरांनी तो वाचला. "हे कलमांचं आहे. तुमचे वडील झाड नव्हेत." मग त्यांनी मामंजींना तोच प्रश्न केला आणि आपलं बोट पुढे केलं. ते दाबलेलं सगळ्यांनी पाहिलं.

इस्पितळात संमतीच्या कागदावर मामंजींचा डावा अंगठा घेतला. खाली घरच्या एकाची सही हवी होती. आमचे मुखत्यार दोन पावलं मागे सरले. "बाबा मेले तर माझ्यार येतला," म्हणाले. चौथीनंतर मी फारसं लिहिलं नव्हतं. चार अक्षरांना वेळ लागला, पण सही मी केली.

मामंजी पुढे तीन वर्षं जगले. दीर खाटेजवळ येऊन, "बाबानू, बरा आसा मां?" असं मोठ्याने विचारत आणि हात पुढे करत. मामंजी आपला डावा हात चादरीखाली नेत.

बागेचा मुखत्यार मात्र शेवटपर्यंत तोच राहिला. आंबे काही तक्रार करत नाहीत.