मुंगी चावली म्हणून हसलेली वहिनी

माझी वहिनी आज सकाळी गेली.
अंगणातून चालत आली, खुर्चीत बसली, सुनेच्या हातचा चहा प्यायली आणि गेली.

चालत आली, हे मुद्दाम लिहिते आहे.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून फुलांचे फोटो येऊन राहिले आहेत. पण माझं फुलावर भागणार नाही. तिची गोष्ट सांगायची आहे.

सिहोऱ्याकडचं आमचं गाव. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तुमसरला कॉलेजात होते, एसटीनं ये-जा करायची.

धान कापून झाला होता. खळ्यावर पुंजणं रचलं होतं, म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचा हा उंच ढीग. वहिनी वर चढून पेंढ्या खाली टाकत होती. पाय सटकला. पाठीवर पडली.

कमरेखाली काहीच कळेना.

दादानं तिला नागपूरला नेलं. एक्स-रे झाले, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हातचं राखून काही केलं नाही. पण शेवटी त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, पाय परत येतील अशी आशा ठेवू नका.

ओसरीत तिची बाज टाकली. भाची तेव्हा लहान. आईजवळ येऊन दोन्ही हात वर करायची, उचलून घे म्हणून. मी तिला उचलून वहिनीच्या कुशीत ठेवायची.

संध्याकाळी दिवा लागला की वहिनी हात जोडायची आणि दिवसभरातलं चांगलं काय ते देवाला सांगायची. मोठ्यानं. शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं.

आज भाजीत लसूण छान लागला, देवा.
आज ओसरीत ऊन आलं, पाठ शेकली.
आज पोरगी माझ्याजवळच निजली.

मला देवाचाच राग यायचा. एकदा म्हणाले, "वयनी, त्यानं तुजे पाय नेले. तू त्याचे उपकार कायचे मानून राहिली?"

ती शांतपणे म्हणाली, "पाय नाई, हे त्याले ठाऊक हाये. रोज रोज तेच कायले सांगू? जे हाये, ते तरी कोणी पाहाले पाहिजे ना."

मग एक दिवस आत्या आली. चहा पिता पिता तिनं बाबांसमोर विषय काढला. घरात लहान पोर, एवढी शेती, कसं होणार? दादाचं दुसरं लग्न करून टाका. मुलगीही तिनं पाहून ठेवली होती.

आत्या वाईट नव्हती. तिला आमच्या घराची काळजी होती. पण बाज तिथून हाताच्या अंतरावर होती. वहिनीला शब्द न् शब्द ऐकू जात होता.

दादा कमी बोलणारा. कप खाली ठेवून एवढंच म्हणाला, "पाय तिचे गेले, आत्या. संसार कोठी गेला?"

विषय संपला.

त्या संध्याकाळी दिवा लागल्यावर वहिनीनं हात जोडले. म्हणाली, "देवा, आज यायनं..." आणि दादाकडे पाहून रडायलाच लागली.

श्रावणातली गोष्ट. मी कॉलेजातून आले, तर वहिनी एकटीच हसत होती. गालावरून पाणी वाहत होतं आणि हसत होती.

"काहून हसून राहिली, वयनी?"
"मुंगी चावली."
"कोठी?"
"पायाच्या अंगठ्याले."

मी पांघरूण बाजूला केलं. लाल मुंगी अजून तिथंच होती. झटकायला गेले, तर वहिनीनं माझा हात धरला.

"राहू दे. अजून चावू दे."

बाबा म्हणाले, भास असेल. दादानं तिला डोळे मिटायला लावले आणि झाडूची काडी तळव्याला हळूच टोचली.

"टोचते," ती म्हणाली.

दादानं काडी पुन्हा टोचून पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं बांबू आणले. अंगणात दोन्ही बाजूंनी कमरेएवढ्या उंचीवर आडवे बांधले. ते धरून वहिनी उभी राहायची. पडायची. दादा काखेत हात घालून उठवायचा. शेजारच्या बाया आधी पाहायला यायच्या, मग धरायला यायला लागल्या.

बोट हललं, गुडघा वाकला, काय झालं ते सगळं संध्याकाळी देवाला कळायचं.

पुढच्या वर्षीची रोवणी. आम्ही बाया चिखलात वाकून धानाचं रोप लावत होतो. आत्याही होती. गाणं चालू होतं, ते मध्येच थांबलं. मी वर पाहिलं.

धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वहिनी येत होती.

एका हातात काठी. दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपली सावरलेली, आमच्या जेवणाची. मागं भाची, पदर धरून.

धुरा निसरडा. मी धावायला निघाले. पलीकडे दादा चिखलणी करत होता. त्यानं बैल थांबवले आणि मला हातानंच खूण केली, थांब. तिची तिला येऊ दे.

ती आली. पाय ओढत, थांबत, पण आली. टोपली स्वतः उतरवली.

"हात धुवा," म्हणाली. "भात थंडा होऊन राहिला."

सगळ्यात आधी आत्या चिखलातून बाहेर आली. तसल्याच हातांनी तिनं वहिनीच्या गालांवरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. वहिनीचं तोंड चिखलानं माखलं. एवढी देखणी बाई मी आजवर पाहिली नाही.

मग जे गाणं उठलं ना, ते पार गावापर्यंत गेलं असेल.

पाय थोडा ओढतच राहिला. पण ऐंशीच्या दशकात भाचा झाला, त्याला कडेवर घेऊन ती शेतावर जायची. घरचे तांदूळ घेऊन नागपूरच्या त्या डॉक्टरांनाही भेटून आली. तुम्ही ऑपरेशन केलं म्हणून मले मुंगी कळली, असं तिनं त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी तिला खोलीत इकडून तिकडे चालायला लावलं आणि पाहतच राहिले म्हणे.

दुपारी नदीवर तिला निरोप दिला. घरी आल्यावर दादा तिच्या खुर्चीजवळ बसला. म्हणाला,

"लय दूरवर चालली माह्यासंगं."

वहिनी, तुझ्या पायांवर डोकं ठेवते. भरल्या मनानं, शेवटचा नमस्कार.